मशीनच्या पोटातलं कार्ड

मयताचं कार्ड घरात ठेवत नाहीत. पोस्टमननं दिलं की दारातच उभ्या उभ्या वाचायचं, कोण गेलं ते आतल्यांना सांगायचं आणि तिथल्या तिथं फाडून टाकायचं. देवासमोरून न्यायचं नाही, फळीवर ठेवायचं नाही. दहाव्याची तारीख लक्षात राहत नसेल तर कॅलेंडरवर खूण करायची, पण कार्ड ठेवायचं नाही. साताऱ्यात माझ्या माहेरी हीच रीत होती आणि लग्न होऊन पलूसला आले तर इथंही हीच. आमचा पोस्टमन असलं कार्ड बाकीच्या टपालाच्या खाली धरायचा आणि देताना तोंडाकडे बघायचा नाही.

पुढे तीच कार्डं तयार करायचं काम माझ्या वाट्याला आलं. नव्वदीच्या मधल्या वर्षांत पलूसच्या स्टँडजवळ एकानं डीटीपीचं दुकान काढलं. मी साताऱ्यात मराठी टायपिंग आणि कॉम्प्युटरचा कोर्स करून आलेली सून, म्हणून मला नोकरी मिळाली. कॉम्प्युटर काचेच्या केबिनमध्ये. चपला बाहेर काढून आत जायचं, संध्याकाळी मशीनवर प्लॅस्टिकची खोळ घालायची, दसऱ्याला झेंडूचा हार. मालक त्याची एवढी बडदास्त ठेवायचे की बायकोला हेवा वाटावा.

लग्नपत्रिका, बारसं, वास्तुशांत, मयत, सगळं तिथंच व्हायचं. नवं कार्ड कोऱ्या पानावर कधीच कुणी करत नाही. जुन्यातली एक फाइल उघडायची, नाव-गाव-तारीख बदलायची, की झालं. लग्नावर लग्न, मयतावर मयत. दुःखाचा मजकूर तर ठरलेलाच असतो, त्यात बदलायला असतं काय? वर श्री घालायचा नाही आणि कार्डाच्या कोपऱ्याला कुंकू लावायचं नाही, एवढं पाळलं की पुरे.

एका उन्हाळ्यात वरच्या दुष्काळी अंगाच्या एका गावातून म्हातारे गृहस्थ आले. धोतर, पांढरी टोपी, डोळे लाल. त्यांचा मुलगा गलाईच्या धंद्यात होता. तिकडच्या गावांतली कितीतरी माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर पांगलेली असतात, तसा हा उत्तरेत कुठंतरी होता. गावच्या फोनवर निरोप आला की बस नदीत गेली. टपावरची बॅग सापडली, तिच्यात याचे कपडे आणि चिठ्ठ्याचपाट्या होत्या. माणूस सापडला नाही. नदीला पाणी भरपूर होतं, आता सापडायचाही नाही, असं तिकडच्या लोकांनी सांगितलं.

मी फाइल उघडली, आधीच्या कुणाचं तरी नाव काढलं आणि तिथं याचं घातलं. नावाआधी ‘कै.’ होताच. म्हाताऱ्यांनी काचेतून वाचलं, मान हलवली आणि खाली बसले. कार्डं छापून झाली, पोस्टात पडली, गावोगाव पोचली आणि रीतीप्रमाणे फाटलीही.

दहाव्याच्या आदल्या दिवशी गावच्या फोनवर पोरगा स्वतः बोलला. त्याला वाटेतच ताप भरला होता. बस जेवायला थांबली तिथं तो तोंडावर पाणी मारायला उतरला आणि बाकड्यावर आडवा झाला तो उठलाच नाही. बस बॅग घेऊन पुढे गेली. हा कुठल्याशा धर्मशाळेत तापात बरळत पडून होता. शुद्धीवर आल्यावर त्यानं पहिला फोन केला, तो इथं त्याच्या बायकोच्या बांगड्या फोडून झाल्यावर.

आनंद झाला, पण गावोगाव गेलेल्या कार्डांचं काय करायचं? म्हातारे धावत दुकानात आले. मी तेव्हा साताऱ्याला भावाच्या साखरपुड्याला गेले होते. मालक स्वतः मशीनवर बसले. त्यांनी नेहमीच्या सवयीनं तीच फाइल उघडली, मधल्या चार ओळी बदलल्या, ‘चिरंजीव सुखरूप आहेत’ असं घातलं आणि छापायला पाठवलं. तीच चौकट, तीच काळी शाई. वर श्री नाही, कोपऱ्याला कुंकू नाही.

परत आल्यावर मी ते कार्ड पाहिलं आणि कपाळाला हात लावला. ‘अहो, लोक हे वाचणार तरी आहेत का?’ असं मालकांना म्हटलं. ते म्हणाले, ‘साक्षर आहेत ना?’ साक्षर होते, पण एकाच घरातून पंधरवड्यात दुसरं काळं कार्ड आल्यावर कोण वाचत बसतो? पाहुण्यांनी ते दारातच टराटरा फाडलं. काहींना वाटलं, पोरामागं आईनंही हाय खाल्ली.

मग दुखवट्याला माणसं यायला लागली. त्याच्या बायकोची फलटणकडची एक चुलतसासू पांढरं लुगडं घेऊन आली. गल्लीच्या तोंडापासून हंबरडा फोडत आली आणि दार उघडायला समोर कोण, तर हिरवा चुडा भरलेली, कपाळभर कुंकू लावलेली ती सूनच. म्हातारीचा हंबरडा अर्ध्यात तुटला. तिला सगळं समजावून सांगितलं, तरी ती उंबऱ्याच्या आत आली नाही. पाणी प्यायली नाही. लुगडं मात्र ओट्यावर ठेवून गेली, कारण दुखवट्याचं लुगडं परत न्यायचं नसतं.

हे मला त्या सुनेनंच सांगितलं. तिशीच्या आतबाहेरची, चौथी-पाचवी शिकलेली, फार न बोलणारी बाई. एका दुपारी एकटीच एसटीनं आली आणि चपला काढून काचेच्या बाहेर उभी राहिली.

“ताई, ते कार्ड अजून तुमच्या मशीनीत हाय का?”

“आहे,” मी म्हणाले. “का?”

“सगळ्यांनी फाडलं. पोस्टानं गेली ती समदी फाटली. तुमचंच तेवढं ऱ्हायलंय. म्हणून माणसं येत्यात.” मग ती काचेच्या जवळ आली. “सासूबाई म्हंत्यात, कार्ड निघालं की ते मोकळ्या हातानं माघारी जात न्हाई. कुणाला तरी घेऊनच जातं. हे रेल्वेत हायती, ताई. आजारातनं उठून निघाल्यात. त्ये घरी पोचायच्या आत फाडा तेवढं.”

असल्या बोलण्यानं माझं डोकं फिरतं. मी वैतागून म्हणणार होते की बाई, मशीनला काय कळतंय. पण तिच्या हातातल्या चुड्याकडे लक्ष गेलं. एवढा घट्ट भरलेला की मनगटावर वळ उठले होते. निघूच नयेत अशा बेतानं बांगड्या कासाराकडून भरून घेतल्या असाव्यात. मी तिला आत बोलावलं, स्टुलावर बसवलं आणि म्हटलं, तुमच्यासमोर पुसते.

त्या दिवशी सांगलीहून दुरुस्तीवाला आलेला होता. तो स्वतःला इंजिनिअर म्हणवायचा. शर्टाच्या खिशात स्क्रू-ड्रायव्हर, तोंडात सतत बडीशेप. प्रिंटर उघडून बसला होता. मी काळ्या पडद्यावर हुकूम दिला, फाइल गेली. यादी काढून दाखवली. “बघा, नाही.”

तिनं बोट लावून यादी खालपर्यंत बघितली. तिचा श्वास सुटलेला मला ऐकू आला. ती उठलीसुद्धा.

तेवढ्यात हा शहाणा हसला. “मॅडम, एवढ्यानं काय जात नसतं. सरका जरा.” आणि त्यानं मला काही बोलू न देता कीबोर्ड ओढला, एक हुकूम दिला. पडद्यावर पुसलेल्या फाइलींची यादी आली. प्रत्येक नावाचं पहिलं अक्षर उडालेलं आणि तिथं प्रश्नचिन्ह, बाकीचं नाव जसंच्या तसं. मशीननं विचारलं, पहिलं अक्षर कुठलं? त्यानं ते दाबलं. “आपण पुसतो म्हणजे फक्त मुंडी उडवतो. धड आतच असतं. त्या जागेवर दुसरं काही बसेपर्यंत हलत नाही.” आणि त्यानं फाइल उघडून दाखवली.

काळी चौकट. ‘कै.’ आणि पुढे तिच्या नवऱ्याचं नाव. मालकांनी बदललेला मजकूर नव्हे, पहिलाच. म्हणजे तीही एक प्रत मशीननं कुठंतरी धरून ठेवली होती. ती बाई स्टुलावर पुन्हा बसली आणि पदर तोंडाला लावून त्या अक्षरांकडे बघत राहिली. पुरात वाहून गेलेलं प्रेत खालच्या गावाला वर यावं आणि ते कुणी बघावं, तशी ती तिथं बघत होती.

मी त्या माणसाला असं झाडलं की मालक बाहेरून आत आले. तेव्हा कुठं त्याला आपण काय केलं ते समजलं. त्यानं बॅगेतून एक फ्लॉपी काढली. म्हणाला, ही माझ्याकडे एकट्याकडेच आहे, हिच्यानं त्या जागेवर नुसती शून्यं भरली जातात, मग ब्रह्मदेव आला तरी काढू शकत नाही. सगळ्या प्रती शोधून त्यानं शून्यं भरायला लावली. मशीन कुरकुर करायला लागलं.

“त्या जागी दुसरं बसवावं लागतं म्हणाला न्हवं?” तिनं विचारलं.

“हां वहिनी.”

“मग शून्य नगा बसवू. माझं नाव घाला.”

मला प्रथम अर्थच लागला नाही. तिनं शांतपणे पुन्हा सांगितलं. “कुणाला तरी न्यायचंच हाय त्याला. त्येंच्या जागी माझं घाला.”

“असलं काही करत नसतात,” मी म्हणाले. “वेड्यासारखं बोलू नका. झालं, गेलं ते आता.”

आणि तो दुरुस्तीवाला, बडीशेप चघळत, वातावरण जरा हलकं करावं म्हणून की काय, म्हणाला, “घातलं बघा वहिनी. तुमचंच घातलं. आता निवांत जावा घरी.”

मी त्याच्यावर ओरडले, “गंमत करायची जागा आहे का ही?” तिला म्हटलं, ते खोटं बोलतायत, तुमचं नाव घातलेलं नाही. तिनं माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, जणू तिला वाईट वाटू नये म्हणून मीच खोटं बोलते आहे. मशीनला हात जोडले आणि गेली.

नवरा सुखरूप घरी पोचला. म्हाताऱ्यांनी दुकानात पेढे आणून दिले. मी पेढा खाल्ला आणि विषय डोक्यातून काढून टाकला. लग्नसराई संपली, पाऊस झाला, गणपतीच्या वर्गणीची पावतीपुस्तकं आली आणि गेली. दुरुस्तीवाल्याला पुण्यात चांगली नोकरी लागली. तो फ्लॉपीसकट गेला.

दिवाळीनंतर एक किडकिडीत माणूस काचेबाहेर उभा राहिला. पिवळट चेहरा, बोटांवर गलाईच्या कामानं पडलेले जुने भाजल्याचे डाग. त्यानं नाव सांगायच्या आधीच मी ओळखलं. ज्याचं ‘कै.’ आपण टाइप केलंय तो माणूस समोर उभा राहिला की आधी त्याची पावलं उलटी नाहीत ना, तेच बघितलं जातं, कितीही शिकलेलं असू द्या.

“ताई, माझ्या बायकूचं नाव तुमच्या मशीनीत हाय?”

“नाही. कधीच नव्हतं.”

“ती म्हंती हाय.” तो खाली बघून बोलत होता. “दिवाळीला लुगडं घेतलं, घडी मोडली न्हाई. म्हंती, राहू द्या, दुसरीला व्हईल. पोरगी एवढीशी हाय, तिला चुलीफुडं बसवून भाकरी थापाय शिकवती. चटका बसला पोरीला, तरी सोडंना. म्हंती, माझ्यामागं तुला कोण करून घालणार? रोजचं जेवण निम्म्यावर आलंय. अंगावर काय ऱ्हायलं न्हाई. मी कामावर माघारी जातो म्हटलं तर म्हंती, जावा की, तुमचं सुटलंय, माझं ठरलंय. आता हिला अशी टाकून कसा जाऊ?”

मी म्हटलं, घेऊन या तिला, मी दाखवते. दुसरं काय म्हणणार होते? पोटच्या पोरीला भाकरीचे चटके देणारी बाई, आणि कारण काय, तर एका बडीशेप खाणाऱ्याचा विनोद. मला त्याचा इतका राग आला की तो समोर असता तर मी त्याला मशीनमध्ये घातला असता.

आठवड्याच्या बाजारादिवशी दोघं आली. मालक सांगलीला कागद आणायला गेले होते. तिला बघून मी खुर्चीतून उठलेच. गालफडं बसलेली, आणि त्या घट्ट बांगड्या आता कोपरापर्यंत सरकत होत्या. मी फाइलींची यादी दाखवली. पुसलेल्या फाइलींचीही दाखवली, प्रश्नचिन्हांसकट. “यातलं एक तरी तुमचं आहे का? सांगा.”

तिनं पूर्वीसारखंच बोट लावून वाचलं. “न्हाई दिसत.”

“मग?”

“त्येंचंबी दिसत नव्हतं, ताई. तुमीच दाखवलं, न्हाई म्हणून. मग दिसलं.”

मी मशीनबद्दल पुष्कळ शिकवायचा प्रयत्न केला. ती ऐकून घेत होती, शाळेत बाईंचं ऐकावं तशी. तिला एकच माहीत होतं आणि ते तिनं डोळ्यांनी बघितलं होतं. जे दिसत नाही ते आत असतं.

शेवटी नवराच म्हणाला, “ताई, मग काढाच ते. हिच्या नावाचं एक कार्ड काढा. हिच्यासमूर काढा, हिला वाचू द्या, आन आमी ते फाडू. कागूद फाटल्याबिगार हिचं मन ऐकायचं न्हाई.”

मला ते पटलं. अगदी मनापासून पटलं. पाहुण्यांच्या घरी कार्डं फाटली तशी इथंही फाटतील, एवढं साधं आपल्याला आधीच कसं सुचलं नाही, असं वाटलं. मी मयताची फाइल उघडली.

समोर स्टुलावर बसलेल्या बाईचं मयताचं कार्ड मी आयुष्यात एकदाच केलं. नवरा नाव सांगत होता, ती मध्ये वय सांगत होती. ‘कै.’च्या पुढे मी ‘सौ.’ लिहिलं, नवरा हयात असताना गेलेल्या बाईचं लिहितात तसं. ती पुढे वाकली.

“सौ. लिवलं न्हवं?”

“लिहिलं.”

“बरं झालं,” ती म्हणाली, आणि चेहऱ्यावर असं समाधान आलं की मला तिथून पळून जावंसं वाटलं.

एकच प्रत काढली. तिनं दोन्ही हातांनी घेऊन संथपणे सगळी वाचली, दहाव्याच्या ठिकाणासकट. मग नवऱ्यापुढे धरली. “माझं मी कसं फाडू? ज्याला आलं त्यानं फाडायचं असतं.” त्यानं फाडली. आधी दोन तुकडे, मग चार, मग हातात मावेनात इतके. तुकडे रुमालात बांधून तो बाहेर गेला आणि गटारीच्या कडेला काडी लावून आला.

काय सांगू, ती बाई माझ्या डोळ्यांदेखत बदलली. ती तांब्याभर पाणी घटाघटा प्यायली. पदर सारखा केला. माझ्या घरची चौकशी केली, मला मूलबाळ आहे का ते विचारलं. आणि नवऱ्याला म्हणाली, “लय दिसांनी भूक लागली बघा.” तो इतका हसला की त्याला ठसका लागला. समोरच्या हॉटेलात भजी खायला दोघं गेली. काचेतून मला दिसत होती. ती खात होती, अगदी लहान पोरासारखी खात होती.

मी फाइल बंद केली. मशीननं विचारलं, बदल ठेवायचे का? ‘नाही’ दाबलं. ठेवलेलंच नाही, तर पुसायचा प्रश्न नाही. मी खुशीत होते. त्या खुशीतच, नुसतं स्वतःचं समाधान म्हणून, पुसलेल्या फाइलींची यादी पुन्हा काढली.

यादीत तळाशी एक ओळ जास्त होती. मी कधी दिलं नव्हतं असलं, आकडे आणि अक्षरं मिसळलेलं नाव, पुढे प्रश्नचिन्ह आणि आजची तारीख. मी एक अक्षर दाबून ती वर काढली. काळी चौकट. ‘कै. सौ.’ आणि तिचं नाव, तिचं वय.

मी काम करत असताना मशीन स्वतःसाठी एक प्रत लिहून ठेवतं आणि काम संपलं की स्वतःच पुसतं, हे मला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हतं. आणि त्याचं पुसणं म्हणजे आपल्यासारखंच, मुंडी उडवायची आणि धड ठेवायचं. इतके महिने ती म्हणत होती की माझं नाव आत आहे, आणि ते नव्हतं. आज आम्ही तिघांनी मिळून ते आत घातलं होतं.

मी पुन्हा पुसलं. यादी काढली. ओळ तिथंच, प्रश्नचिन्हासकट. पुन्हा पुसायला काही उरलंच नव्हतं, कारण मशीनच्या मते ते पुसलेलंच होतं. शून्यं भरणारी फ्लॉपी तर पुण्याला गेलेली. मी शिकलेली बाई, साताऱ्याच्या क्लासात पहिली आलेली, तिथं बसून देवाचं नाव घेत होते.

पाठीमागे बांगड्या वाजल्या. तिची बाजाराची पिशवी स्टुलाखाली राहिली होती, ती घ्यायला आली होती. ओठाला भज्याचं तेल, डोळ्यांत हसू. पिशवी उचलून ती दारापर्यंत गेली आणि सहज वळली.

“ताई, आता काय न्हाई न्हवं आत?”

मी उठून पडदा माझ्याआड जाईल अशी उभी राहिले. “काही नाही,” म्हणाले. “जा तुम्ही. एसटी चुकेल.”